अडीच किलोच्या अलीकडे, चार किलोच्या पलीकडे: बाळाचं जन्माचं वजन कशावर ठरतं?

बाळ जन्मल्याची बातमी कळली की 'दोघं सुखरूप ना?' याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न ठरलेला असतो: 'वजन किती भरलं?' आकडा साडेतीनच्या आसपास असला की आईचं कौतुक होतं. सव्वादोन असला की कुणीतरी पुटपुटतंच, 'खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं नसेल.' जणू काट्यावरचा आकडा म्हणजे आईच्या नऊ महिन्यांच्या जेवणाची गुणपत्रिकाच.

हा समज निम्मासुद्धा खरा नाही. आईचा वाढलेला रक्तदाब बाळाचं वजन खाली ओढतो, तिच्या रक्तातली जास्तीची साखर ते वर ढकलते, तंबाखू खाली ओढते, लठ्ठपणा कधी वर नेतो तर कधी खाली. ही ओढाताण नऊ महिने चालते आणि शेवटी जी बेरीज उरते ती आपण वजन म्हणून वाचतो. त्यामुळे 'छान तीन किलो'च्या मागे सगळं आलबेल असेलच असं नाही, आणि सव्वादोन किलोच्या मागे कुणाचा हलगर्जीपणा असेलच असंही नाही.

आधी आठवडे, मग किलो

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ म्हणजे कमी वजनाचं बाळ. १५०० च्या खाली अतिकमी. ही अडीच किलोची रेघ फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्पो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओढली, आणि ती ओढली होती 'अपुऱ्या दिवसांचं बाळ' ओळखण्यासाठी. पुढे लक्षात आलं की अडीच किलोच्या खालची पुष्कळ बाळं पूर्ण दिवसांची असतात. म्हणून १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'अपुऱ्या दिवसांचं' आणि 'कमी वजनाचं' या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. रेघ मात्र तिथेच राहिली. २०२० च्या अंदाजानुसार जगात दर सातांपैकी साधारण एक बाळ या रेघेखाली जन्मतं, म्हणजे वर्षाला जवळपास दोन कोटी.

वजन दोन गोष्टींतून बनतं: बाळ किती आठवडे पोटात राहिलं आणि त्या काळात किती वेगाने वाढलं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ साधारण किलोभराचं असतं. तिथून पुढे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम चढत जातात. म्हणजे जन्माच्या वजनातला मोठा हिस्सा शेवटच्या तीन महिन्यांतच येतो.

आता दोन बाळं समोर ठेवू. दोघांचंही वजन २३०० ग्रॅम. पहिलं चौतिसाव्या आठवड्यात आलं आहे. त्याची वाढ त्याच्या दिवसांच्या मानाने अगदी ठीक आहे. अडचण आहे ती फुप्फुसं, दूध ओढण्याची ताकद आणि अंगाची ऊब या गोष्टी अजून पक्क्या न झाल्याची. दुसरं एकोणचाळिसाव्या आठवड्यात आलं आहे. त्याचे अवयव तयार आहेत, पण पोटात त्याला पुरवठा कमी पडला असण्याची शक्यता आहे. आकडा तोच, पण कारणं, उपचार आणि पुढची काळजी सगळं निराळं. (तिसरीही शक्यता असते: आई-बाप दोघंही चणीने लहान, बाळही लहान, आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही.) म्हणून डॉक्टर किलोंपेक्षा पर्सेंटाइलची भाषा बोलतात. तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांची हलक्यापासून जडापर्यंत रांग लावली तर हे बाळ कितव्या जागी येईल, हा तो हिशेब. पहिल्या दहांत असेल तर ते दिवसांच्या मानाने लहान, शेवटच्या दहांत असेल तर मोठं.

पुरवठ्याचा रस्ता: वार

आईच्या ताटातला घास थेट बाळापर्यंत जात नाही. तो आधी आईच्या रक्तात येतो, रक्त गर्भाशयाच्या भिंतीतून वारेपाशी (म्हणजे प्लासेंटापाशी) पोहोचतं, आणि वारेतून हवं ते बाळाच्या रक्तात उतरतं. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही; मध्ये पातळ पडदा असतो. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं. बाळाची वाढ ताटापेक्षा या रक्ताच्या धारेवर जास्त अवलंबून असते, आणि ती धार कशी तयार होते हे जरा जवळून बघण्यासारखं आहे.

गर्भाशयाच्या अस्तरात स्प्रिंगसारख्या वळलेल्या बारीक रोहिण्या असतात. एरवी त्या अरुंद असतात आणि त्यांच्या भिंतीत स्नायू असतो, त्यामुळे त्या आकसू शकतात. गर्भ रुजला की वारेच्या पेशी या रोहिण्यांमध्ये शिरतात, तो स्नायू हटवतात आणि नळीची जागा रुंद, सैल नरसाळ्यासारख्या मार्गाला देतात. आता आईचं शरीर ठरवूनही या मार्गाला आकसवू शकत नाही. रक्त भरपूर येतं आणि सावकाश, शांतपणे येतं. हे काम विसाव्या आठवड्याच्या सुमारास उरकलेलं असतं, म्हणजे पोट नीट दिसायला लागतं न लागतं तोवरच.

काही जणींमध्ये हे काम अर्धवट राहतं. रोहिण्या अरुंदच राहतात, रक्त कमी येतं आणि जोरात येतं. वार ताणाखाली येते आणि आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाच इजा होते. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. हाच प्रीएक्लॅम्प्सिया. बीपी वाढलं म्हणून बाळ लहान राहिलं, असं आपण सहज म्हणतो. पण इथे बीपी आणि लहान बाळ या दोन्हींचं मूळ एकच असतं, वारेची कच्ची राहिलेली बांधणी. आईने त्या काळात काय खाल्लं आणि काय नाही, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

मग बीपीचा स्वतःचा असा काही परिणाम होतो की नाही? हे शोधणं अवघड होतं, कारण बीपी जास्त असणाऱ्या बायकांच्या बाबतीत वय, वजन, ताण अशा इतर पन्नास गोष्टीही वेगळ्या असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने यावर एक युक्ती वापरली. बीपी थोडं जास्त ठेवणारी, साखर थोडी जास्त ठेवणारी, वजन थोडं जास्त ठेवणारी जनुकं आपल्याला जन्मतःच, चिठ्ठ्या टाकल्यासारखी मिळतात. आपल्या सवयींशी त्यांचा संबंध नसतो. तीस हजारांहून अधिक आयांची जनुकं आणि त्यांच्या बाळांची वजनं ताडून पाहिली तेव्हा दिसलं ते असं: जनुकांमुळे वरचं बीपी १० ने जास्त असेल तर बाळ सुमारे २०० ग्रॅमने हलकं. उपाशीपोटीची साखर ७ मिलिग्रॅमने जास्त असेल तर बाळ सुमारे ११० ग्रॅमने जड. आणि आईचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) चारने जास्त असेल तर फक्त पंचावन्न ग्रॅमच्या आसपास जड. चार बीएमआय म्हणजे मध्यम उंचीच्या बाईचं जवळपास दहा किलो वजन! एवढ्या फरकाने पन्नास-साठ ग्रॅम, आणि बीपीच्या दहा अंकांनी दोनशे. म्हणून तपासणीला गेल्यावर आईने वजनकाट्याआधी दंडाला बांधलेल्या पट्ट्याकडे बघावं, असं मला वाटतं.

पूर्वी डॉक्टरांनाही एक भीती असायची: बीपीची गोळी दिली तर वारेकडे जाणारं रक्त कमी होईल आणि बाळ आणखी लहान राहील. त्यामुळे गर्भारपणाआधीपासूनच थोडंसं बीपी असलेल्या बायकांना गोळी द्यावी की नाही यावर बराच काळ वाद होता. अमेरिकेत सुमारे २४०० बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. गोळ्या देऊन बीपी १४०/९० च्या खाली ठेवलेल्या गटात लहान बाळांचं प्रमाण वाढलं नाही, उलट आईचा आणि बाळाचा गंभीर त्रास कमी झाला. तेव्हा 'बाळाला बाधेल' म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करणं हा शुद्ध तोटा आहे. हेही खरं की गर्भारपणात चालणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात. आधीपासून चालू असलेली गोळी दिवस राहताच, खरं तर राहण्याआधीच, डॉक्टरांना दाखवून बदलून घ्यावी लागते.

पुरवठा कमी पडला की बाळ काय करतं, हेही पाहण्यासारखं आहे. ते रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं आणि बाकीच्या शरीराची काटकसर करतं. यकृतातला साठा आटतो, पोटावरची चरबी साठत नाही. म्हणून सोनोग्राफीत डोकं आठवड्यांप्रमाणे मोठं दिसतं आणि पोटाचा घेर मागे पडतो. 'पोटाचा घेर कमी आहे' असं रिपोर्टमध्ये लिहिलं की बरेच जण आईच्या पोटाचा घेर समजतात. तो बाळाचा असतो. डॉप्लर तपासणीत नाळेतल्या रक्ताचा वेग मोजतात. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त पुढे सरकत राहिलं पाहिजे. ते थांबलं किंवा उलटं फिरलं तर वारेत अडथळा खूप वाढलाय, आणि बाळ पोटात ठेवणं जास्त धोक्याचं की बाहेर काढणं, हा निर्णय जवळ आलाय.

साखर: वजन वाढतं, पण कसलं?

आईच्या रक्तातली साखर वारेतून सहज पलीकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. साऱ्या गोष्टीची मेख इथेच आहे. आईची साखर वाढली की बाळाची वाढते, आणि ती आवरण्यासाठी बाळाला स्वतःच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडावं लागतं. पोटातल्या बाळासाठी इन्सुलिन हे वाढीचं संप्रेरक आहे. जास्त इन्सुलिन म्हणजे जास्त चरबी, मुख्यतः खांद्यांवर आणि धडावर. डॅनिश डॉक्टर योर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेला हा विचार आजही टिकून आहे.

याचा सर्वांत लख्ख पुरावा एका विरळ जनुकीय दोषातून मिळाला. ग्लुकोकायनेज हे प्रथिन स्वादुपिंडाला 'साखर किती आहे' हे सांगतं. ते बिघडलं तर स्वादुपिंड जागं व्हायला उशीर करतं आणि माणसाची साखर आयुष्यभर थोडी जास्त राहते. १९९८ साली इंग्लंडमधल्या ॲन्ड्र्यू हॅटर्स्ली आणि सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांतल्या बाळांची वजनं पाहिली. आईत दोष आहे, बाळात नाही: आईची साखर जास्त, बाळाचं स्वादुपिंड तरतरीत, ते भरपूर इन्सुलिन सोडतं, आणि बाळ सुमारे सहाशे ग्रॅमने जड. बाळात दोष आहे, आईत नाही: साखर नेहमीइतकीच, पण बाळाचं स्वादुपिंड कमी इन्सुलिन सोडतं, आणि बाळ पाचशेहून अधिक ग्रॅमने हलकं. दोघांतही दोष असेल तर दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि बाळाचं वजन जवळपास सर्वसाधारण भरतं! घरच्या लोकांना हा आकडा बघून शंकाही येणार नाही की आत दोन मोठ्या ताकदी एकमेकींशी झुंजल्या आहेत.

चार किलोच्या वरचं बाळ बघून घरात आनंद होतो, आणि तो हिरावून घ्यायचा माझा हेतू नाही. पुष्कळ मोठी बाळं निरोगी आई-बापांची निरोगी बाळंच असतात. पण वाढ साखरेमुळे झालेली असेल तर डोकं बाहेर येऊन खांदे अडकण्याचा धोका असतो, कारण चरबी नेमकी तिथेच साठलेली. शिवाय नाळ कापल्याक्षणी आईकडची साखर बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन मात्र जोरातच असतं. पुढच्या काही तासांत बाळाची साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. म्हणून अशा बाळांच्या टाचेला टोचून रक्त तपासतात आणि लवकरात लवकर, पहिल्या तासातच दूध पाजायला सांगतात. गुटगुटीत बाळाला सारखं का टोचताय, असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर.

किती साखर म्हणजे जास्त? २००८ साली नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून अधिक गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कुठेही ठळक पायरी दिसली नाही. साखर जशी चढते तसं बाळाचं वजनही चढत जातं, मधुमेहाच्या पातळीच्या खूप खालपासून. तरी कुठेतरी रेघ ओढावीच लागते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत उपाशीपोटी ९२, तासाभराने १८० आणि दोन तासांनी १५३ यांपैकी एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तो गर्भारपणातला मधुमेह धरला जातो. बऱ्याच जणींची साखर खाण्यातल्या बदलांनी आणि जेवणानंतर चालण्याने आटोक्यात येते. उरलेल्यांना औषध किंवा इन्सुलिन लागतं.

यात एक उलटी गाठ आहे. जिला खूप वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्याने मूत्रपिंडावर किंवा रक्तवाहिन्यांवर परिणाम झालाय, तिचं बाळ मोठं होण्याऐवजी लहान राहू शकतं. साखर वर ढकलत असते, पण पुरवठ्याचा रस्ताच अरुंद झालेला असतो. लठ्ठपणाचंही तसंच. सरासरीने बाळ जड, पण लठ्ठपणासोबत बीपी आणि प्रीएक्लॅम्प्सियाही जास्त येतो, आणि तो आला की बाळ लहान.

आता खाण्याबद्दल

खाण्याला महत्त्व नाही असं मुळीच नाही. त्याचं महत्त्व सर्वांत जास्त तिथे असतं जिथे आई मुळातच कमी वजनाची आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमार झाली, माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. ज्यांचे शेवटचे तीन महिने त्या काळात आले त्यांची बाळं सरासरी तीनशे ग्रॅमने हलकी जन्मली. तीनशे ग्रॅम हा मोठा फरक आहे, पण उपासमार किती भीषण होती हे पाहिलं तर तो कमीच वाटतो. आईचं शरीर स्वतःची झीज करून बाळाला पुरवत राहतं. आणखी एक गोष्ट त्याहून बोलकी आहे. ज्यांचे पहिले तीन महिने उपासमारीत गेले आणि नंतर अन्न मिळू लागलं, त्यांच्या बाळांचं वजन जवळपास नेहमीसारखं भरलं. तरी मोठेपणी त्याच गटात हृदयविकारासारखे त्रास जास्त दिसले. वजनाच्या आकड्याने त्यांच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

गर्भारपणात वजन किती वाढावं हे आधीच्या वजनावर ठरतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेले आकडे बऱ्याच ठिकाणी वापरतात: बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते अठरा किलो, सर्वसाधारण असेल तर साडेअकरा ते सोळा, त्याच्या वर सात ते साडेअकरा, आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर पाच ते नऊ. सरसकट सगळ्यांना 'बारा किलो वाढायला हवं' म्हणणं चूक आहे. 'दोन जिवांचं खा' हेही तसंच. पहिल्या तीन महिन्यांत जवळपास काहीच जादा लागत नाही, दुसऱ्या तिमाहीत दिवसाला साधारण ३४० कॅलरी जादा, तिसऱ्यात ४५०. एखादं जास्तीचं साधं खाणं, बस.

प्रोटीन पावडरच्या डब्यांबद्दल इथेच सांगून टाकतो. जिथे आया कुपोषित आहेत तिथे ऊर्जा आणि प्रथिनं यांचा तोल राखलेला पूरक आहार द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण प्रथिनांचाच भडिमार असलेला पूरक आहार देऊ नये, असंही तीच संघटना सांगते. त्याने वजन वाढल्याचा पुरावा नाही आणि बाळ लहान राहण्याची शंका मात्र आहे. 'बाळाची वाढ कमी आहे' म्हटल्यावर डबा हातात देणं सोपं असतं, वार दुरुस्त करणं नाही. पडून राहण्याच्या सल्ल्याचंही तेच: त्याने बाळाचं वजन वाढतं असा भरवशाचा पुरावा नाही, आणि आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की गर्भारपणात ॲनिमिया म्हणतात. तो बराच असेल तर बाळ वेळेआधी येण्याची आणि हलकं असण्याची शक्यता वाढते, म्हणून रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पण गर्भारपणात रक्तातलं पाणी चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरणं हे सगळं नीट चाललंय याचं लक्षण असतं. उलट शेवटच्या महिन्यांत ते चांगलंच चढलेलं असेल तर रक्त पुरेसं पातळ झालेलं नाही, आणि तेही लहान बाळाशी जोडलेलं आढळतं.

आजारांची यादी मोठी आहे, सगळी देत बसत नाही. मलेरियाचे जंतू वारेतच ठाण मांडतात आणि पुरवठा रोखतात. लघवीचा जंतुसंसर्ग दुर्लक्षित राहिला तर कळा लवकर सुरू होऊ शकतात. थायरॉइड कमी असून औषध घेतलं नाही तर वाढीवर परिणाम होतो. या तिन्हींवर उपचार आहेत, म्हणूनच त्यांचा उल्लेख.

तंबाखू, आणि एक फसवं कोडं

सिगारेट ओढणाऱ्या आईचं बाळ सरासरी दीडशे ते दोनशे ग्रॅमने हलकं असतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं. न ओढता चघळलेली तंबाखूही निरुपद्रवी नाही, तिनेही वजन घटतं. दिलासा एवढा की पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत पूर्ण सोडली तर बाळाचं वजन कधीच न ओढणाऱ्या आयांच्या बाळांच्या जवळपास येतं. 'आता सोडून काय उपयोग' हे वाक्य चौथ्या महिन्यात खोटं असतं, सातव्यातही पूर्ण खरं नसतं.

१९७१ साली कॅलिफोर्नियातले संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. फक्त अडीच किलोच्या खालची बाळं घेतली तर सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं न ओढणाऱ्यांच्या बाळांपेक्षा जास्त जगत होती! याचा अर्थ सिगारेट बाळाला वाचवते? अर्थात नाही. न ओढणाऱ्या आईचं बाळ जर एवढं हलकं असेल तर त्याला काहीतरी दुसरं कारण असणार: अवयवातला दोष, वारेचा गंभीर आजार, खूप लवकर झालेला जन्म. ओढणाऱ्या आईचं बाळ मात्र पुष्कळदा केवळ धुरामुळे रेघेखाली घसरलेलं. सगळी बाळं एकत्र धरली तर धूम्रपानाने मृत्यू वाढतातच. बाळाला मारतं ते वजन नसतं, वजन कमी करणारं कारण असतं. काही कारणं जीवघेणी असतात, काही नाहीत.

जे कुणाच्या हातात नाही

मुलगे मुलींपेक्षा सरासरी शंभरेक ग्रॅमने जड असतात. पहिलं बाळ पाठच्या भावंडांपेक्षा बहुधा हलकं. जुळी सरासरी अडीच किलोच्या आसपासच. उंच डोंगराळ भागात विरळ ऑक्सिजनमुळे दर हजार मीटरला साधारण शंभर ग्रॅम कमी. आई स्वतः जन्मताना लहान असेल तर तिचं बाळही लहान असण्याकडे कल असतो.

वडिलांची जनुकंही मोजली जातात, पण पोटात असेपर्यंत आईच्या शरीराचं माप वरचढ ठरतं. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी धिप्पाड शायर घोडे आणि बुटकी शेटलंड तट्टं यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. जनुकांचं मिश्रण दोन्हीकडे तेच, पण शायर घोडीच्या पोटी आलेलं शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा कितीतरी मोठं निघालं. आईच्या अंगापेक्षा बाळ फार मोठं होऊ नये, अशी ही व्यवस्था दिसते.

अंदाज आणि पुढची खेप

गर्भारपणात बाळाचं वजन कुणी तोलत नाही, अंदाज बांधतात. सर्वांत साधं साधन म्हणजे टेप: चोविसाव्या आठवड्यापासून गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांएवढी भरते, दोन-तीनचा फरक चालतो. सोनोग्राफीत डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून सूत्राने वजन काढतात, आणि त्यात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज असते. 'तीन किलो' असं रिपोर्टमध्ये आलं तर खरं वजन २६०० किंवा ३४०० सुद्धा असू शकतं. त्यामुळे एका रिपोर्टवरून घाबरण्यात किंवा हुरळून जाण्यात अर्थ नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन मोजण्यांमधली वाढ जास्त बोलते. आणि हे सगळं पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने ठरलेल्या तारखेवर उभं असतं. तारीखच दोन आठवड्यांनी चुकली तर ठणठणीत बाळही कागदावर लहान ठरतं.

आधीचं बाळ झालेलं असेल तर त्याचा कागद फार कामाचा असतो. त्यावरच्या चार गोष्टी एकत्र वाचाव्यात: वजन, पूर्ण झालेले आठवडे, आईचं बीपी, आईची साखर. मागचं बाळ चार किलोच्या बरंच वर गेलं असेल किंवा साखर निघाली असेल तर पुढच्या वेळी साखरेची तपासणी सहाव्या महिन्यापर्यंत न थांबता सुरुवातीलाच करतात. दोन बाळंतपणांत निदान दीड-दोन वर्षांचं अंतर असलं तर बाळ हलकं किंवा लवकर येण्याची शक्यता कमी होते. आणि मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, विशेषतः लवकर, तर कमी मात्रेतल्या ॲस्पिरिनबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जोखमीच्या बायकांना अकरा ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केलं आणि छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दिलं. सदतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे औषध आपल्या मनाने घ्यायचं नाही, आणि सोळावा आठवडा उलटल्यावर त्याचा फायदा बराच घटतो, कारण रोहिण्या रुंद होण्याचं काम तोवर पुढे गेलेलं असतं. म्हणून मागचा कागद पहिल्याच भेटीत सोबत न्यायचा, पाचव्या महिन्यात आठवण झाल्यावर नाही.